निवृत्तीमामांची परदेशी स्थळं

जगातल्या कुठल्याही विद्यापीठाचं नाव घ्या, निवृत्तीमामांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "माणसं कशी हाईत?"

विद्यापीठ जुनं आहे, नामांकित आहे, तिथल्या प्राध्यापकांना मोठमोठी बक्षिसं मिळाली आहेत, असं मी स्क्रीनवरून वाचून दाखवायचो. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि मग म्हणायचे, "घराणं चांगलं हाय, मान्य. पण माणसं कशी हाईत? पाणी कसंय? आपल्या भागातलं कोणी दिलंय का तिथं आधी?"

दिलंय म्हणजे पोरगं किंवा पोरगी तिथे शिकायला पाठवली आहे का. मामांच्या लेखी परदेशी शिक्षण हे एक लग्न होतं आणि विद्यापीठ हे स्थळ. लेकरू द्यायचं तर चौकशी नको का करायला?

हे सगळं चालायचं गोरेगावात, माझ्या दुकानात. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन अर्ज असा माझा धंदा. गाव दुकानाला 'गजूचं नेट' म्हणतं. तेव्हा दारापुढच्या बाकड्यावर बसायला जागा मिळायची नाही. आता पोरं सगळं मोबाइलवरच उरकतात, मी मोबाइलची कव्हरं विकतो आणि बाकड्यावर शेजारचं मांजर झोपतं. मामाही हल्ली येत नाहीत. गुडघे धरलेत. शिवाय संध्याकाळी त्यांना घरीच थांबावं लागतं, मोबाइल तांब्याला टेकवून, परदेशातून येणाऱ्या व्हिडिओ कॉलसाठी. त्यांची आठवण आली की मी उगाचच जुन्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसतो.

मामा मूळचे सोयरिकी जुळवणारे. सेनगाव तालुक्यात ज्या घरी जाल तिथे त्यांनी जमवलेलं एखादं तरी जोडपं भांडताना सापडायचं. या कामाचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही, फक्त मान घेतला. त्यांचे काही नियम होते. सोयरिकीच्या बोलण्याला जाताना एक कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालायची, ती एरवी खुंटीवर. हो किंवा नाही असं उत्तर मिळाल्याशिवाय समोरच्या घरचा चहा प्यायचा नाही. त्यामुळे त्या काळी निम्म्या तालुक्यात चहा गार व्हायचा. आणि तिसरा नियम सगळ्यात मोठा : "पक्कं झाल्याबिगर पोरीला सांगायचं न्हाई. मोडलं तं तिच्या मनाला लागतं."

मग त्यांनी स्वतःच्या मुलीचं लग्न जमवलं. मंगलताई त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. हिंगोलीच्या कॉलेजात ती बी.एस्सी.ला पहिली आली होती, वनस्पतींवर तिचा भारी जीव. एम.एस्सी.ला नंबर लागला आणि त्याच उन्हाळ्यात मामांना कळमनुरीचं स्थळ सापडलं. बियाणांचं दुकान, निर्व्यसनी मुलगा, पाणी गोड, माणसं चांगली. मामांनी नियमाप्रमाणे पक्कं होईपर्यंत तिला सांगितलं नाही, आणि पक्कं झाल्यावर सांगितलं तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जावई देवमाणूस निघाला, त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. पण मंगलताई दिवाळीला लेकरांना घेऊन यायची, गोड बोलायची, कमी बोलायची. "कसं चाललंय?" विचारलं की "बरंय" म्हणायची. त्या लग्नानंतर मामांनी टोपी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. कुणी सोयरीक घेऊन आलं की म्हणायचे, "नजर गेली आता माही." नजर चांगली शाबूत होती. माझ्या दुकानात बसून समोरच्या हॉटेलात कोण उधारीवर भजी खातंय ते त्यांना दिसायचं.

एकदा ते सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले होते. दुकानात एक पोरगा सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी रडकुंडीला आलेला. मार्क चांगले, कागद तयार, पण अर्ज करायचा कुठल्या विद्यापीठात? मी मामांना म्हणालो, "याच्यासाठी चांगलं ठिकाण सापडत नाही हो." माझ्या दुकानात बोललं गेलेलं आणि मामांना पूर्ण समजलेलं हे पहिलं वाक्य असावं. त्यांनी झेरॉक्स बाजूला ठेवली, बाकड्यावर मांडी घातली आणि म्हणाले, "सांग, अपेक्षा काय हाईत?"

तिथून जे सुरू झालं ते काही वर्षं चाललं. शिष्यवृत्त्या मीच शोधायचो, कारण इंग्रजी मामांना ओ की ठो येत नव्हतं. पण निकाल ते द्यायचे. फी, राहणं, विमान सगळं मिळत असलं की, "मांडव त्यांचा, जेवण त्यांचं, वऱ्हाडाची जीपबी त्यांची. बराबर हाय." नुसती फी माफ असली की, "मांडव त्यांचा, जेवण आपलं. जमल, पण वढाताण व्हईल." आणि पैसे काहीच नसून नुसतं अभिनंदनाचं पत्र आलं की, "नारळ-टोपीवर बोळवण करून राहिले."

एका थंड देशातलं चांगलं स्थळ त्यांनी केवळ ऊन नाही म्हणून मोडलं. "महिना महिना ऊन न्हाई? मंग ते लोक हळद कुठं वाळवतात?" मी म्हणालो, तिथे हळद होत नाही. मामा त्या पोराकडे अशा नजरेने बघायला लागले की त्याने स्वतःहूनच नाव काढून घेतलं.

शहरातून एकदा एक सल्लागार आला होता, टाय लावून, गुळगुळीत पुस्तकं घेऊन. पोरांना परदेशी पाठवतो म्हणाला. मामांनी विचारलं, "तुमी पोरीकडचे का पोराकडचे?" तो हसून म्हणाला, आम्ही दोन्हीकडचे. मामा म्हणाले, "मंग निघा."

विद्यापीठाचा मेल आला आणि त्यात 'लवकरच कळवू' असं असलं, की पोरं खूश व्हायची. मामा मान हलवायचे. "कळवतो म्हणले म्हंजी गेलं. उभ्या जिंदगीत मी 'कळवतो'चं लगीन लागलेलं पाह्यलं न्हाई." वाईट याचं वाटायचं, की ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

फक्त एका बाबतीत मी त्यांच्यावर चिडायचो. कुठल्याही विद्यापीठाला काही विचारायचं असलं, की शेवटी एक प्रश्न ते हटकून घालायला लावायचे : "लिही, लगीन झालेली बाई चालती का? लेकरं असलेली? शिक्षणात लई वर्सं खंड पडलेली?"

"मामा, अर्ज बावीस वर्षांच्या पोराचा आहे. त्याचं लग्न व्हायचंय अजून."

"तुह्या बापाचं काय जातं? लिही."

मी लिहायचो. उत्तर यायचं नाही, किंवा 'प्रश्न समजला नाही' असं यायचं. जुन्या धंद्याची खोड, सुटत नसेल, असं मी धरून चालायचो.

प्रियंकाची मुलाखत आली तेव्हा मात्र हद्द झाली. प्रियंका जवळच्या तांड्यावरची, शेतीशास्त्र शिकलेली. परदेशातल्या एका विद्यापीठाने शिष्यवृत्तीसाठी तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं होतं. त्या दिवशी तिच्या घरी लाइट नव्हती, म्हणून मुलाखत माझ्या दुकानात. सकाळी शटर उघडलं तर मामा हजर. मागे प्रियंकाचे वडील, दोन चुलते आणि तांड्याचे नायक म्हणजे मुखिया, डोक्याला नवं पागोटं बांधून. मामांनी खुर्चीवर चादर घातली, कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं आणि हॉटेलवाल्याला पोहे सांगितले.

"मामा, पोहे कुणाला?"

"पाहुण्याइला."

"पाहुणे कॉम्प्युटरमध्ये आहेत!"

"मंग आपण खाऊ. कार्यक्रम म्हणलं की पोहे लागतात."

मी हातापाया पडून सगळ्यांना फोटो काढायच्या पडद्यामागे बसवलं. स्क्रीनवर तिकडच्या दोन बाया आणि एक गृहस्थ आले. प्रियंका फार छान बोलली, हळदीच्या कंदकुज रोगावर तर अशी बोलली की ते लोक लिहून घ्यायला लागले. पडद्याखालून पाच जोडी चपला दिसत होत्या, त्याकडे त्यांनी सभ्यपणे दुर्लक्ष केलं. शेवटी त्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?

पडद्यामागून नायकांनी मला विचारलं, "काय म्हणली?" मी हळूच सांगितलं आणि फसलो.

"व्हय, इचारायचं हाय ना!" म्हणत मामा पडदा सारून थेट कॅमेऱ्यापुढे. त्यांच्या मागे वडील, चुलते आणि पागोटं. प्रियंकाने कपाळाला हात लावला. मामांनी हात जोडून राम राम घातला आणि मला म्हणाले, "सांग त्याह्यला. पोरगी आजारी पडली तं कोण बघल? भाकरीचं पीठ भेटतं का? आन् घरची याद आली तं तिनं कोणापाशी रडायचं?"

मी घाम पुसत सांगितलं. माझी अपेक्षा होती, आता स्क्रीन काळी होणार. पण त्या बाईंनी चष्मा काढला, जवळ सरकल्या आणि एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. रडायचं कोणापाशी याला त्या म्हणाल्या, माझ्यापाशी आली तरी चालेल.

"माणसं चांगली हाईत," मामा मला म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून : "आता ते इचार. लगीन झालेली, लेकरं असलेली."

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाला उत्तर आलं. बाई म्हणाल्या, हो, शिक्षण सुटलेल्या स्त्रियांसाठी आमच्याकडे वेगळी शिष्यवृत्ती आहे, वयाची अट नाही, मुलांना बरोबर आणता येतं. फक्त एक, अर्ज त्या बाईने स्वतः, स्वतःच्या इच्छेने करायला हवा. दुसऱ्या कुणी केलेला चालत नाही.

मी मराठीत सांगितलं. मामांनी दोनदा विचारून घेतलं. मग ते पोहे न खाताच घरी गेले, आणि इतकी वर्षं तो प्रश्न टाइप करणाऱ्या माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

प्रियंकाला शिष्यवृत्ती मिळाली. मामा म्हणतात, आम्ही नीट चौकशी केली म्हणून. ती म्हणते, तुम्ही येऊनसुद्धा मिळाली.

त्या निकालानंतर एका सकाळी मामा दुकानात आले ते पांढरी टोपी घालून. टोपीला नवी इस्त्री होती. "गजू, कळमनुरीला जायचंय. तू चाल. इंग्रजीतलं मला सांगता येत न्हाई." ज्या माणसाने शेकडो उंबरे झिजवले, त्याला लेकीच्या घरी जायला सोबत लागत होती. हिंगोलीपर्यंत जीपमध्ये आणि पुढे एसटीत ते सारखी टोपी सरळ करत होते.

मंगलताई अंगणात होती, भोवती शाळेची पोरं, हातात जास्वंदीचं फूल उकलून दाखवत होती. आम्हाला बघून तिने शिकवणी सोडली. जावई दुकानावर गेले होते. तिने चहा आणून ठेवला. मामांनी कपाला हात लावला नाही.

"मंगल, एक स्थळ हाय."

तिने त्यांच्या टोपीकडे बघितलं. "कोणासाठी, बाबा?"

"तुह्यासाठी."

मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. माणसं कशी, पाणी कसं, मांडव त्यांचा, जेवण त्यांचं, लेकरांची शाळा तिथंच, रडायला एक बाईसुद्धा बघून ठेवली आहे. मधे मधे अडले की माझ्याकडे बघायचे आणि मी शिष्यवृत्तीची माहिती पुरवायचो. "जावयाला मी अजून इचारलं न्हाई. आधी तुला इचारून राहिलो."

मंगलताईने फुलाच्या पाकळ्या गोळा केल्या. मग म्हणाली, "त्या टायमाला न्हाई विचारलं, बाबा." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं.

"न्हाई इचारलं. चुकलं पोरी माहं. लई चुकलं."

"आन् आता मी न्हाई म्हणलं तं?"

"तं न्हाई. तेवढं म्हणायला तं मिळल तुला."

ती उठली. ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "मला विचार करू द्या. यांच्याशी बोलते. कळवते तुमाला."

मामांचा चेहरा मी बघितला. त्या शब्दाचा अर्थ त्यांच्याइतका जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हता. पण उत्तर मिळालेलं नसताना त्यांनी समोरचा कप उचलला आणि गार झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

परतीच्या एसटीत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. कळमनुरी मागे पडली नसेल तोच माझा फोन वाजला. मंगलताई होती.

"गजूभाऊ, त्या अर्जाला काय काय कागदं लागतात?" ती घाईघाईने विचारत होती. "यांना आत्ताच फोन केलता. हे म्हणले, कर. पण बाबांना एवढ्यात सांगू नका. पक्कं झाल्याबिगर सांगायचं न्हाई. मोडलं तं त्यांच्या मनाला लागल."

मी बरं म्हणालो.

"कोणाचा फोन?" मामांनी विचारलं.

"गिऱ्हाईक आहे. अर्ज भरायचाय."

"हं." ते पुन्हा खिडकीकडे वळले. थोड्या वेळाने टोपीवरची नसलेली धूळ झटकत म्हणाले, "कळवते म्हणली म्हंजी गेलं रे ते. पण चहा चांगला केलता पोरीनं."