गोड येईपर्यंत टिकेल

भूक ही मुळात असंस्कृत गोष्ट आहे. तिला चार माणसांत बसण्यासारखी करण्याचं काम ज्या मोजक्या संस्थांनी अंगावर घेतलं, त्यांत मोठ्या हॉटेलातल्या भोजनगृहाचा क्रमांक फार वरचा लागतो. घरी माणसाला भूक लागली की तो जेवतो. इतकी ढोबळ वागणूक तिथे चालत नाही. तिथे भुकेची आधी नोंद होते, मग तिला शेजारच्या बारमध्ये बसवून ठेवतात, रग जिरली की टेबलापाशी आणतात, आणि आपण कशासाठी आलो होतो हे तिचं तिलाच आठवेनासं झालं की तिच्यापुढे एक मोठी ताटली ठेवतात. (ताटली मोठी असते. एवढं प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे.)

अशा एका भोजनगृहात संध्याकाळी साडेसातला एक प्लंबर बायकोला घेऊन आला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने चार महिने आधी टेबल राखून दोघांना पाठवलं होतं. गल्लीत त्याला सगळे वॉशर म्हणत. खिशात दोन-चार वॉशर असल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. कुणाचा नळ कुठे रडत बसला असेल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

या पंचवीस वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात असा. लग्नानंतर दोघं सिनेमाला गेली, तेव्हा मध्यंतरात तो हात धुवायला गेला आणि तिथलं बेसिन दुरुस्त करून सिनेमा सुटल्यावर परत आला. मेहुणीच्या लग्नात सगळे जेवत होते तेव्हा तो मोरीखाली आडवा होता. लेक झाली त्या दिवशी बाळाला पाहायला निघाला, पण वाटेत दवाखान्याचा गिझर लागला. बायकोने कधी आदळआपट केली नाही. ती दळणाच्या तालात आपली कामं उरकत राहिली, त्याचं ताट झाकून ठेवत राहिली. या खेपेला मात्र तिने एकच गोष्ट मागितली. पहिल्या घासापासून गोडापर्यंत एक जेवण समोर बसून जेवायचं. मध्ये उठायचं नाही. "घास चावताना तुमचं तोंड कसं दिसतं, तेसुद्धा मला धड ठाऊक नाही," ती म्हणाली होती.

त्याने शब्द दिला. निघताना वॉशर आणि छोटा पाना लेकीच्या हातात ठेवले, आणि मोकळ्या खिशांनी, जरासा कलत कलत, हॉटेलात शिरला.

त्यांचं टेबल रिकामंच होतं. काचेतून दिसत होतं. पण पाहुण्याला दारातून थेट टेबलाशी नेणं हा संस्थेचा अपमान असल्याने दोघांची रवानगी बारमध्ये झाली. तिथला अंधार इतका उंची होता की पेयांचं कार्ड बोटांनी चाचपून वाचावं लागे. दोघांनी लिंबाचं काहीतरी मागवलं. बारवाल्याने ते बराच वेळ कानाशी धरून हलवलं, त्यावर धुराची वाटी उपडी घातली आणि पुढे सरकवलं. पेयात बर्फ नव्हता. एका मोठ्या चौकोनी बर्फाला थोडंसं पेय लावलेलं होतं. बारमध्ये आणखी अकरा जण आपापल्या रिकाम्या टेबलांकडे काचेतून एकटक पाहत बसले होते. फलाटावर आलेली गाडी दार उघडत नाही तेव्हा माणसं पाहतात, तसे. पस्तीस मिनिटांनी बोलावणं आलं.

टेबलाशी कॅप्टन हजर होता. (वाढप्यांच्या मुख्याला कॅप्टन म्हणतात. जहाज नसतं.) त्याच्या शिक्षणाचा पाया असलेले नियम असे: पाहुण्याच्या प्रश्नाला 'माहीत नाही' हे उत्तर नाही. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत वरचा नियम, जो स्वयंपाकघराच्या दारावर चौकटीत लावलेला होता, तो म्हणजे या वास्तूत काहीही चुकून होत नाही.

पदार्थ येऊ लागले. प्रत्येक पदार्थाबरोबर एक वाढपी येई आणि त्याची कुळकथा सांगे. ती संपेपर्यंत चमच्याला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. संस्थेच्या पाहणीनुसार कुळकथेला सरासरी पावणेतीन मिनिटं लागतात, खायला अकरा सेकंद, आणि नंतर डोळे मिटून मान हलवायला चाळीस सेकंद. पहिल्या ताटलीत गाजराचा एक तुकडा होता. त्याचं बालपण, त्याची माती, मातीचा स्वभाव हे सगळं कळल्यावर त्याला खाणं वॉशरच्या जिवावर आलं. दुसऱ्या ताटलीत वाटाण्याचे तीन दाणे, तीन मनःस्थितींत. बायकोने मधला खाल्ला. तो उदास निघाला, असं तिने नवऱ्याच्या कानात सांगितलं, आणि दोघं शाळेत मागच्या बाकावर हसतात तशी खाली मान घालून हसली. पोटात कावळे ओरडत होते; पण तो समोर होता, चावत होता, आणि ती पाहत होती. चावताना त्याचा डावा कान किंचित हलतो, हे तिला पंचवीस वर्षांनी कळलं.

तेवढ्यात टप् झालं.

वॉशरचा घास तोंडातच थांबला. चार सेकंदांनी पुन्हा टप्. आवाज शेजारच्या टेबलावरच्या छतातून येत होता. वरच्या मजल्यावरची नळी, वळणाचा सांधा, जुनं पाणी. ऐकूनच त्याला सगळं दिसलं. हात शिवशिवायला लागले. ते त्याने मांड्यांखाली दाबले.

शेजारच्या टेबलावर एक जाणकार गृहस्थ एकटेच बसले होते. चव घेणं हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी बोट उंचावून सोबतच्या वहीत लिहिलं आणि कॅप्टनला हळूच म्हणाले, पाण्याच्या नादाची योजना फार संयत आहे. कॅप्टनला या योजनेविषयी काहीच ठाऊक नव्हतं. तो लवून आभारी आहे म्हणाला.

वॉशरने त्याला खुणेने बोलावलं. "अहो, गळतंय ते."

"आभारी आहे, सर."

"तसं नव्हे. वरचा सांधा गेलाय. बंद करायचा कॉक कुठे आहे तुमचा?"

"सर, आज कॉक नाही," कॅप्टन म्हणाला, मग 'नाही' न म्हणण्याचा नियम आठवून घाईने सावरला. "पण शेफना विचारतो."

अशा रीतीने वॉशरने तीनदा तक्रार केली, आणि अभिप्राय-पुस्तकात तीन प्रशंसा नोंदवल्या गेल्या. दरम्यान टपटप तीन सेकंदांवर आली, मग दोनवर, मग तिची बारीक धार झाली आणि ती थेट जाणकारांच्या सूपमध्ये पडू लागली. जाणकारांनी चमचाभर घेतलं. डोळे मिटले. सबंध भोजनगृहाचे चमचे थबकले. "लोखंड," ते अखेर म्हणाले, "आणि थोडी जुनी इमारत." त्याबरोबर पाच टेबलांनी तसंच सूप मागवलं. वाढपी ते धारेखाली धरून नेऊन देऊ लागले. कुळकथा त्यांनी तिथल्या तिथे रचली.

बायकोचं लक्ष छताकडे नव्हतं. ती टेबलाखाली पाहत होती. नवऱ्याची बोटं मांडीखालून निसटली होती आणि नसलेला पाना आपलीआपण फिरवत होती.

"किती वेळ आहे?" तिने विचारलं.

त्याने मान न वळवता कान दिला. "गोड येईपर्यंत टिकेल. कसंबसं."

"मग बसा."

तो बसला. नळ गळत असताना बसून राहण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. कपाळावर घाम आला, पण तो बसला. तीही कधी घाईने, कधी हळू, चावत राहिली. छताला आधी नाण्याएवढा, मग ताटलीएवढा ओला डाग पडला, मग पोट सुटलं. आणि तेव्हा गोड आलं.

गोडाची कुळकथा सगळ्यांत लांब होती. वाढप्याने आधी मधमाशीपासून सुरुवात केली. मधमाशीवरून तो फुलावर गेला, फुलावरून डोंगरावर. डोंगराच्या पायथ्याशी आला तेव्हा छताने कर्र केलं. वॉशरने बायकोकडे पाहिलं. तिने चमचा उचलला, कुळकथा चालू असतानाच गोडाचे दोन भाग केले, एक त्याच्या ताटलीत लोटला आणि आपला तोंडात घातला. वाढपी डोंगरावरच थिजला. या वास्तूच्या इतिहासात न ऐकता खाल्लेला तो पहिला घास.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "खा."

त्याने खाल्लं. तिने त्याचा कान हलताना शेवटचा पाहून घेतला, ओठ पुसले आणि म्हणाली, "झालं जेवण. आता जा."

तो उठला, पण कॅप्टन आडवा आला. पाहुण्यांनी अनुभव अर्धवट सोडायचा नसतो. "मी सोडत नाहीये, थांबवतोय," वॉशर सांगत होता, तेवढ्यात हलक्या पत्र्यांचं ते छत पोटाशी उकललं आणि बादल्याच्या बादल्या पाणी कोसळलं. कुणाला लागलं नाही. मग जाणकार, नखशिखांत भिजलेले, उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

ती दोघं टाळ्यांतून वाट काढत बाहेर पडली, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर उभ्याने पोटभर जेवली. त्या जेवणाची कुळकथा कुणी सांगितली नाही.

आठवड्याने हॉटेलचा माणूस वॉशरच्या दारी आला. दुरुस्तीसाठी नाही. रोज सव्वाआठला नेमाने गळावं, अशी जोडणी करून हवी होती. गळती लावायचं काम आपण शिकलो नाही, असं सांगून वॉशरने त्याला चहा पाजून परत पाठवलं. हॉटेलने मग दुसरा शिकलेला माणूस शोधला.

आता ते टेबल पाच महिने आधी राखावं लागतं. छत्री चालत नाही, टॉवेल मागणं अडाणीपणाचं समजलं जातं. इच्छुकांची यादी बारच्या दाराशी लावलेली असते, आणि वाचकहो, तुम्ही आता हसताय म्हणून केवळ सांगतो: तुमचं नाव तिच्यात एकशे बाराव्या क्रमांकावर आहे. विशेष विनंतीच्या रकान्यात तुम्ही स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलं आहे, 'शक्य झाल्यास बरोबर धारेखाली.'