सबनीस काकांनी नापास केलेली घरं

भाड्याचं घर बघायला गेले, की सबनीस काका आधी बूट काढायचे आणि बेडरूमच्या मधोमध ओव्हरकोटासकट जमिनीवर आडवे व्हायचे. डोळे मिटून. एकदा तर घरमालकीण बिचारी फोनकडे धावली. तिला वाटलं, म्हातारा गेला!

"घर बघायचं नसतं, ऐकायचं असतं," काका म्हणायचे. मग उठून पँट झटकत निकाल द्यायचे, "तत्त्वतः नाही!"

ओटावात ते आमच्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. रिटायर्ड इंजिनियर. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या दोन बेडरूममध्ये आम्ही दोघं, दोन मुलं आणि नागपूरहून कायमचे आलेले सासू-सासरे. आमच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे मोठी घरं बघायला न्यायचे काकाच आणि नापास करायचेही काकाच. एका घराची फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, खोकत होती. दुसऱ्याचा जिना कुरकुऱ्या स्वभावाचा. एक बेसमेंट तर त्यांना "मनातून ओलं" वाटलं.

"काकांना आपण इथून जायलाच नकोय," नवरा एकदा म्हणाला. मी त्यालाच दटावलं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी काका साखर मागायला आले. रोज काहीतरी मागायला यायचेच. हात धुवायला वॉशरूममध्ये गेले, तर कोरड्या बाथटबमध्ये उशीला टेकून आमची मैत्रेयी गणितं सोडवत बसलेली. बाहेर आजोबांचा टीव्ही आणि धाकट्याचा धिंगाणा.

"इथे का गं बसलीस?"

"इट्स द ओन्ली क्वायट प्लेस, काका."

काका साखर न घेताच गेले.

त्याच आठवड्यात शनिवारी त्यांनी आम्हाला एक टाउनहाउस दाखवलं. फर्नेस घुरघुरत होती, जिना करकरत होता. काका आडवे झालेच नाहीत. "घ्या," एवढंच म्हणाले. मग छताकडे बघत, "महिन्याभरापासून रिकामं आहे. मला माहीत होतं."

सासूबाईंनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

सामान हलवायला काकाच सगळ्यांच्या पुढे. शेवटचं खोकं आत आलं आणि ते निघाले. मैत्रेयी वर स्वतःच्या खोलीत दार लावून बसली होती. मी तिला हाक मारणार, तोच काकांनी हात वर केला.

"नको. बसू दे तिला."

मी खिडकीतून बघत राहिले. बर्फ कधीचा थांबला होता. काका ब्रशने गाडीची काच साफ करत होते. काच लख्ख झाली, तरी करतच होते.