दहा कोटी न्यूट्रॉनांचा ताबा

आयर्लंडमध्ये अणुवीज निर्माण करायला कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे तिथल्या एका विद्यापीठाचं किरणोत्सर्ग सुरक्षा कार्यालय अतिशय दक्ष होतं. दक्षतेत व्यत्यय आणील असं दुसरं काम त्याला नव्हतं.

याच विद्यापीठात इरावती टिळेकर पीएचडी करत होती. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन उडतात. त्यांतले किती मंद, किती वेगवान, याचा आलेख ती संगणकावर गणिताने काढायची. या आलेखाला आधी एक उंचवटा असतो आणि मग विरळ होत जाणारं लांब शेपूट. त्या शेपटात, म्हणजे मोजक्या अतिवेगवान न्यूट्रॉनांत, भल्याभल्यांची गणितं चुकत होती. इरावतीचं बरोबर येत होतं. त्यात तिची चार वर्षं गेली होती. खरं युरेनियम तिने फोटोतच पाहिलं होतं.

शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. राहण्याचा परवाना सोमवारी संपत होता आणि प्रबंध दाखल झाला तरच तो वाढणार होता. सोबत सुरक्षा कार्यालयाचा एक फॉर्म जोडायचा होता. त्यात ‘वापरलेले न्यूट्रॉन’ असा एक रकाना होता. दुसरं कुणी रेघ मारून मोकळं झालं असतं. पण इरावती पुण्याच्या शाळेत शिकलेली; रकाना रिकामा राहिला की अर्ज बाद, हे तिच्या अंगात मुरलं होतं. तिने लिहिलं, दहा कोटी. संगणकात तिने खरोखरच तेवढे मोजले होते.

फॉर्म शिक्क्यासाठी कार्यालयात गेला आणि मंगळवारी बोलावणं आलं. सुरक्षा अधिकारी चंद्रहास गोगटे पूर्वी औषधांच्या कारखान्यात दर्जा तपासायचे. कागदावर नाही ते घडलंच नाही, या तत्त्वावर त्यांनी इथवर मजल मारली होती. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत इरावतीला आग्रहाने मोदक वाढणारे काका ते हेच.

“दहा कोटी म्हणजे जरा जास्तच झाले गं,” ते म्हणाले. “ठेवलेस कुठे?”

“लॅपटॉपमध्ये. काका, नुसते आकडे आहेत ते.”

“मला कळतंय. मीही एमएस्सी फिजिक्सच. पण फॉर्मवर तू न्यूट्रॉन लिहिलंस ना? मग आता ते न्यूट्रॉनच.”

“मग खोडते.”

“जाहीर केलेला साठा नाहीसा झाला तर ती चोरी ठरते. पोलिसांना कळवावं लागेल.”

लॅपटॉपवर पिवळं लेबल लागलं आणि तो कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद झाला. इरावतीच्या अंगावर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला आला. बुधवारी बिल्ल्याने शून्य दाखवलं. दहा कोटी न्यूट्रॉनांसोबत वावरणाऱ्या व्यक्तीचं शून्य येणं शक्य नसल्याने बिल्ला नादुरुस्त ठरवण्यात आला.

गुरुवारी कार्यालयाच्या सुरक्षा समितीने आलेख पाहिला. तो सर्वांना आवडला. फक्त विद्यापीठाचा न्यूट्रॉन बाळगण्याचा परवाना एका ठरावीक ऊर्जेपर्यंतचाच होता आणि शेपूट त्याच्या पुढे जात होतं.

“आलेखातून तेवढं कापून टाक, साठ्याचा आकडा तसाच राहू दे,” काका म्हणाले. “बाकी सगळं ग्रँड आहे.”

“काका, ते शेपूट म्हणजेच माझा प्रबंध.”

“असेल. किती न्यूट्रॉन आहेत त्यात?”

“हजारात एखादा.”

“मग एकासाठी कशाला हट्ट करतेस?”

इरावतीला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. काकांच्या देखरेखीखाली लॅपटॉप उघडून तिने शेपूट कापलं. चार वर्षांत तिला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

“आता विल्हेवाट,” काकांनी पुढचा कागद काढला. “न्यूट्रॉन नष्ट केल्याचा दाखला द्यायला इथे कुणी अधिकृत नाही. हस्तांतर मात्र करता येतं.”

“घेणार कोण?”

“सही न करता काहीही घेणारी माणसं पुष्कळ असतात गं.”

शुक्रवारी पावणेपाचला प्रबंध दाखल झाला. शेपटाविना तो इतरांच्या प्रबंधांसारखाच दिसत असल्याने परीक्षकांनी पुढे तो बिनचूक ठरवला. इरावतीचा परवाना वाढला. प्रबंधाच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक अट आहे : हा प्रबंध, अथवा त्याविषयीचा कोणताही मजकूर, शेवटपर्यंत वाचणाऱ्याकडे सर्व न्यूट्रॉनांचा ताबा जाईल. आक्षेप असल्यास वाचण्यापूर्वी नोंदवावा.

आजवर एकही आक्षेप आलेला नाही. काकांनी तुमचा पत्ता विचारला आहे.