मॅलकी हेशन सुखी झाला, त्याची गोष्ट

एनिस्टायमनच्या मॅलकी हेशनचा पहिला अल्बम निघाला तेव्हा त्याचा बाप नुकताच गेला होता, भावानं ऑस्ट्रेलिया गाठला होता आणि खोलीचं छत गळत होतं. साधी लाकडी गिटार, फाटका आवाज आणि तीन दुःखं, एवढ्या भांडवलावर त्यानं अख्ख्या आयर्लंडला रडवलं. आम्ही गावकऱ्यांनीही यथाशक्ती रडून घेतलं.

पुढे त्याच्या कारकिर्दीत एक गंभीर अडचण उद्भवली. तो सुखी झाला. गुरांची डॉक्टर असलेल्या ब्रोनाशी त्याचं लग्न झालं आणि दुसऱ्या अल्बमची गाणी भराभर सुचली. एक नुकत्याच जन्मलेल्या वासरावर, एक उकडलेल्या बटाट्यांवर, बाकीची ब्रोनावर.

ती ऐकून त्याचे अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या डर्व्लाबाई डब्लिनहून जातीनं आल्या.

"गाणी गोड आहेत रे," त्या म्हणाल्या. "पण यात तुला होतंय काय?"

"काही नाही. बरं चाललंय."

"तेच तर! तुझं बरं चाललेलं ऐकायला लोकांनी तुला डोक्यावर घेतलेलं नाही."

मग 'विषाद पुनर्स्थापना' या सदराखाली कंपनीनं त्याला लीट्रिममधल्या एका ओलसर, एकाकी घरात नेऊन ठेवलं. कार्यवाही निष्फळ ठरली. शेजारची म्हातारी रोज ताजा ब्रेड आणून द्यायची, संध्याकाळी पत्ते रंगायचे. मॅलकी चांगला गरगरीत होऊन, वर आणखी एक आनंदी गाणं घेऊन परतला.

तेव्हा डर्व्लाबाई थेट ब्रोनाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

"तू त्याला सोडून जा. तात्पुरतं गं. कलेसाठी."

ब्रोना बुटांचं शेण खरवडत होती. ती नवऱ्याकडे वळली. "तू काय म्हणालास यांना?"

मॅलकी जमिनीकडे बघत पुटपुटला, "म्हटलं, ब्रोनाला विचारून बघू."

"विचारून बघू?"

"हिवाळ्यापुरतंच."

"हिवाळ्यापुरतं कशाला?" असं म्हणून ती उठली, दार आपटलं आणि बहिणीकडे कॉर्कला गेली. यात तात्पुरतं काही नव्हतं.

मॅलकी तिच्यामागे कॉर्कला गेला. दार उघडलं नाही. पुन्हा गेला, पुन्हा तेच. त्याचं जेवण सुटलं, दाढी वाढली, आणि मग त्यानं गिटार घेतली. एका बैठकीत अल्बम झाला. एका गाण्यात आवाज मध्येच फुटला, तो कंपनीनं तसाच ठेवला. डर्व्लाबाई ढसाढसा रडल्या आणि डोळे पुसता पुसता त्यांनी प्रकाशनाची तारीख ठरवली.

अल्बम धो धो चालला. समीक्षकांनी 'अस्सल' हा शब्द मुक्तहस्ते वाटला. दुकानात पाव घ्यायला गेलेल्या मॅलकीचा हात धरून बायका सांगायच्या, "तोड नाही रे पोरा! यातून कधी सावरू नकोस."

वसंतात तो तिसऱ्यांदा कॉर्कला गेला आणि बंद दाराशी म्हणाला, "मी गाढव आहे. तू म्हणशील तर गाणं बंद करतो."

दार उघडलं. "गाणं कशाला बंद करतोस? अक्कल चालू कर," ब्रोना म्हणाली, आणि त्याच्याबरोबर घरी आली.

जवळच्या एनिस शहरातल्या कार्यक्रमात सभागृह खचाखच भरलं होतं. मॅलकीला राहवलं नाही. "एक आनंदाची बातमी," तो माइकवर म्हणाला. "ब्रोना परत आलीय."

टाळी पडली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे आम्ही फुकटच रडलो होय?" खुर्च्या सरकल्या. अर्धी मंडळी उठून बारकडे गेली. मीही गेलो. मंचावर मॅलकी वासराचं गाणं म्हणत होता. ब्रोना पहिल्या रांगेत एकटीच टाळ्या वाजवत होती.

तुम्ही म्हणाल, काय ही निर्दय माणसं! म्हणा. पण खरं सांगा, ब्रोनानं दार आपटलं तिथे तुम्ही जरा सरसावून बसलात, आणि ती घरी आली तेव्हा आता किती ओळी उरल्यात ते पाहिलंत. हो ना?