क्रुल्फचा पहिला अल्बम

"सुनिलभाऊचा फोटो आला पेपरात, पाह्यला का?" जेवणाचा डबा दुकानाच्या काउंटरवर ठेवता ठेवता नंदिनीनं नवऱ्याला विचारलं, आणि राजदीपचा सोल्डरिंगचा हात गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून घसरून स्वतःच्या अंगठ्यावर आला.

चंद्रपूरच्या पेपरच्या रविवार पुरवणीत चांगलं अर्धं पान होतं. सुनिल वनरक्षकाच्या खाकी कपड्यात सागाला टेकून उभा, कानाला हेडफोन. खाली लिहिलं होतं, यापुढं दर रविवारी सुनिल सिनेमा आणि रॉक संगीतावर लिहिणार.

अंगठा तोंडात धरून राजदीपनं ते दोनदा वाचलं. वडशात रॉक ऐकणारा पहिला माणूस आपणच, असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते खोडून काढायला दुसरा रॉक ऐकणारा बरीच वर्षं गावात नव्हताही. दुकान सांभाळून तो फेसबुकवर अल्बमची परीक्षणं लिही. 'ध्वनीच्या अवकाशातली अस्तित्ववादी पोकळी' असलं एक वाक्य जमलं, की आठवडाभर तो खुशीत असे. सुनिलच्या हातात पहिला हेडफोन त्यानंच ठेवला होता. आणि आता हाच सुनिल जंगलातल्या ड्यूटीवरून व्हिडिओ टाकी, "हा ड्रम आयका बावा. रानडुक्कर धानात घुसल्यावानी वाजते का नाई?" लोक हसत, एकमेकांना पाठवत आणि मग तो अल्बम खरोखर ऐकतही.

"त्याले संगीतातलं काय समजते?" राजदीप म्हणाला.

"त्याले काय समजते ते मले नाई माहीत. पण तो बोलते ते मले समजते," नंदिनी म्हणाली आणि रिकामी पिशवी घेऊन निघून गेली.

त्याच दुपारी राजदीपनं बेत आखला. दुकानामागं राइस मिल होती. तिची धडधड त्यानं मोबाइलवर रेकॉर्ड केली. मध्येच मिलवर काम करणाऱ्या रुखमाबाई हमालावर कडाडल्या, "पोतं धर न बे! डोये फुटले का तुये?" तेही त्यानं राहू दिलं. लॅपटॉपवर सगळं संथ केलं, घुमवलं, वर गिटारचा खरखराट चढवला, आणि 'क्रुल्फ, नॉर्वे' असं नाव रचून, त्याचा पहिला अल्बम म्हणून खोट्या खात्यावरून सुनिलला पाठवून दिलं. सुनिलनं वाहवा केली, की 'ही तर राइस मिल!' म्हणून त्याला भर गावात उघडा पाडायचा.

सुनिलनं वाहवा केली. "भाषा समजत नाई बावा," तो व्हिडिओत डोळे मिटून म्हणाला, "पण हे बाई गाते, तं घरच्याच माणसानं रागं भरल्यावानी वाटते. क्रुल्फ कोण हाय मले माहीत नाई, पण मोठा माणूस हाय!"

व्हिडिओ अहेरीपासून नागपूरपर्यंत फिरला. राजदीपनं उघडं पाडायला तोंड उघडलं, तोवर फार उशीर झाला होता. पोरांनी क्रुल्फची रिंगटोन केली. वडशाच्या एका नाटक कंपनीनं खलनायकाच्या एंट्रीला तेच संगीत घेतलं. घरी नंदिनी भाकरी थापताना त्याच ठेक्यावर मान हलवू लागली.

"तो क्रुल्फ मीच हाव!" राजदीप ओरडला.

"हो का? मंग मी नॉर्वेची राणी. कुकर उतरवा."

चिडून त्यानं फेसबुकवर मिलची मूळ रेकॉर्डिंग टाकली. लोकांनी लिहिलं, 'भाऊ, परदेशी बँडचं संगीत चोरून त्यात मिल घुसवली, लाज नाई वाटत?' मग त्यानं क्रुल्फवर घणाघाती टीका लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा लेख गावभर वाचला गेला, आणि सगळ्यांचं एकच मत पडलं: जळून राह्यला.

शेवटी तो साक्षीला रुखमाबाईंनाच घेऊन सुनिलकडं गेला. "बाई, त्या दिवशीसारखं बोला बरं जरा."

"उगाच कशी बोलू? राग तं आला पाह्यजे." रुखमाबाई लाजल्या. पण तेवढ्यात राजदीपचा पाय त्यांच्या पायावर पडला. "डोये फुटले का तुये!" त्या अशा कडाडल्या, की कुंपणावरचे कावळे उडाले.

सुनिल जागचा उठला. "राजूभाऊ! कुठून शोधलं तुमी यायले? हुबेहूब क्रुल्फच्या बाईचा आवाज! कंपनीवाले स्टेजवर गायले बाई शोधून राह्यले."

"अरे, तेच तं सांगतो. तो आवाज यायचाच हाय. अल्बम म्या बनवला!"

सुनिलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरी माया होती. "भाऊ, तुमी मले रॉक शिकवलं, ते मी जन्मभर विसरणार नाई. पण एवढं चांगलं तुमाले कसं जमन?"

पुढच्याच आठवड्यात रुखमाबाई कंपनीत लागल्या. पहिल्या प्रयोगाला मंडप खच्चून भरला. राजदीप येणार नव्हता, पण नंदिनीनं आणलाच. सुनिलनं आपल्या शेजारी जागा धरून ठेवली होती. पहिल्या अंकात खलनायक आला, मिल धडधडली, रुखमाबाई कडाडल्या, आणि मंडपात अशा शिट्ट्या पडल्या की पुढचे संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. निवेदकानं माईक घेतला. "संगीत, क्रुल्फ, नॉर्वे! व्हिसा न मिळाल्यामुळं ते आज इथं येऊ शकले नाईत, त्याबद्दल कंपनी दिलगीर आहे. त्यायच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या!"

अख्खा मंडप उभा राहिला. नंदिनीसुद्धा. सुनिलनं डोळे पुसले. "काय माणूस असन बावा तो! एकदा तरी पाहाले भेटला पाह्यजे."

राजदीप एकटाच खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता.

"काई एवढा मोठा नाई तो," तो म्हणाला. "मी चांगला ओयखतो त्याले."