दारातल्या कण्हेरीचा कौल

निमोण्याच्या म्हस्कूआबांची दोन मेंढरं एका आठवड्यात गेली, आणि ती शेजारच्या पोपटरावाच्या कुत्र्यानंच नेली, हे आबांनी बांधावर पहिली लोकर दिसताच ठरवून टाकलं. पोपटराव शेवंती पिकवायचा. त्याचा टिप्या रात्रभर मळ्याच्या कडेनं भुंकत फिरायचा, आणि आबांच्या मते एवढं भुंकणारं कुत्रं काहीतरी लपवत असतं.

टिप्या शेपटी हलवत आला, की आबा म्हणत, लाडीगोडी लावतंय. आला नाही, की म्हणत, तोंड दाखवायची लाज वाटतीय. आबांच्या बायकोनं, बयाबाईनं, उसाच्या सरीत ताटलीएवढी पावलं पाहिली आणि बिबट्या आलाय म्हणून सांगितलं. चिखलात पाऊल पसरतं, असं म्हणून आबांनी ते मोडीत काढलं. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला पावलं कळत नव्हती असं नाही. पण मनात टिप्या बसला होता, तिथं बिबट्याला जागाच उरली नव्हती.

शेवटी आबांनी बिरदेवाला कौल लावला. देवाच्या दगडाला ओलं फूल चिकटवायचं आणि विचारायचं. उजवीकडं पडलं तर होय, डावीकडं पडलं तर नाही. टिप्या चोर हाय का, असं आबांनी विचारलं. पोपटराव हात जोडून शेजारी उभा होता. फूल डावीकडं पडलं.

"शेवंती हाय ही," आबा म्हणाले. "पोपटच्याच मळ्यातली. ती मालकाच्या कुत्र्याइरुद्ध बोलंल व्हय?"

मग ते स्वतःच्या दारातल्या कण्हेरीचं फूल घेऊन आले. ह्या फुलाला कुणाची भीड नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. ते उजवीकडं पडलं. कुत्रं हलवलं नाही तर विष घालीन, असं आबा बोलून गेले, आणि बोलले की ते करायचे. पोपटरावानं टिप्याला फुलांच्या टेम्पोत घालून दौंडला लेकीकडं, शितलकडं, पाठवून दिलं. टेम्पोतून टिप्या मागं बघत राहिला. बयाबाईला ते बघवलं नाही.

काही दिवस मेंढरं सुखरूप राहिली आणि आबा गावभर मिशीत हसत फिरले. मग मळ्यात भुंकणारं कुणी उरलेलं नाही, हे ज्याला कळायचं त्याला कळलं. एका सकाळी तिसरं मेंढरू नव्हतं.

"दौंडवरनं येतंय," आबा म्हणाले.

"आबा, दौंड काय हाकंवर हाय का?" पोपटरावानं विचारलं.

"चोराला वाट लांब वाटत न्हाई."

त्याच दुपारी गावातल्या बूथवर शितलचा फोन आला, की टिप्या कालच साखळी तोडून पळाला. पोपटरावाला निरोप पोचायच्या आत आबांचा तो सगळ्या गावाला सांगून झाला होता.

टिप्या सापडला न्हावऱ्याच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला. ट्रकनं उडवलं होतं. तोंड निमोण्याकडं होतं. पोपटरावानं त्याला पोत्यात घालून आणलं आणि बांधावर ठेवलं. आबांनी वाकून पाहिलं, घसा खाकरला.

"बगा," ते म्हणाले, "येत व्हतंच की."

दुसऱ्या दिवशी वनखात्यानं उसाच्या कडेला लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या अडकला. आबांनी पिंजऱ्याला एक फेरी मारली आणि हे जनावर आजच आलेलं दिसतंय, असं सांगून ते घरी परतले.

बयाबाई दारात वाटच बघत होती. तिनं कण्हेरीचं एक फूल तोडलं आणि आबांना हाताला धरून देवळात नेलं. फूल भिजवून दगडाला लावलं. मग उभ्या जन्मात कधी घेतलं नव्हतं, ते नवऱ्याचं नाव तिनं घेतलं.

"देवा, टिप्याचा जीव म्हस्कूनं घेतला का?"

फूल थोडं घसरलं, थबकलं आणि उजवीकडं पडलं.

आबांनी वाकून ते फूल उचललं. त्यांचा चेहरा उतरला होता. बयाबाईकडं न बघता त्यांनी हळूच विचारलं,

"त्या कण्हेरीला पाणी कोण घालतं?"