देवरेकाकांचं वाण

थंडी सुरू झाली की आमच्या समोरच्या रो-हाऊसमधले देवरेकाका कॅमेऱ्याला घराबाहेर काढतात. अगदी शब्दशः. निफाडचा पारा उतरल्याची पहिली बातमी पेपरात आली की कॅमेरा पोळ्यांच्या जुन्या डब्यात जातो, डबा पोर्चमधल्या खुंटीला लटकतो, आणि संक्रांत होईपर्यंत कॅमेरा काही उंबरा ओलांडून आत येत नाही. त्याचे सेल मात्र काकांबरोबर घरात झोपतात, बंडीच्या आतल्या खिशात. मी एकदा कारण विचारलं. काका म्हणाले, गार कॅमेरा उबेत आणला की काचेला घाम फुटतो आणि सेल गारठले की मान टाकतात. ज्याची जशी प्रकृती, तसं त्याचं पथ्य.

काकांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली. त्यामुळे प्रकृती, पथ्य हे शब्द त्यांच्या तोंडात बसलेले आहेत आणि त्याहून घट्ट बसलाय तो त्यांचा मंत्र : श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. कॉलनीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोघांची जुंपली की काका मागच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणतात, "श्वास घ्या. धरून ठेवा." गंमत म्हणजे माणसं धरतात. 'सोडा' म्हणायचं काका कधीकधी विसरतात, पण तोवर भांडण निवलेलं असतं.

हा कॅमेरा त्यांना निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिला. खिशात मावणारा, साधा. पुण्याला असलेल्या मुलीने नंतर भारीतला मोबाईल पाठवला, तर तो काका फक्त फोन करायला वापरतात. या छोट्या कॅमेऱ्यावर फुलाचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की कॅमेऱ्याला दोन बोटांच्या अंतरावरचं दिसतं, असा शोध काकांना पहिल्याच हिवाळ्यात लागला आणि त्यांचं लांबचं बघणं संपलं. डोंगर नको, सूर्योदय नको, गोदाघाट तर नकोच. गवताच्या पात्यावरचा दवाचा थेंब, कोळ्याचं ओलं जाळं, गारठून बसलेला चतुर. आणि फोटो शार्प हवा. थेंबाची कड जरा जरी हलली तरी काका फोटो पुसून टाकतात.

हात हलू नये म्हणून कॅमेऱ्याखाली उशी लागते. त्यासाठी काकांनी एक कापडी पिशवी शिवून तीत मूग भरले. रोज पहाटे ती पिशवी दवात ठेवायची आणि दिवसा खुंटीला टांगायची. आठवडाभरात पिशवी फुगली, मग शिवणीतून पांढरे कोंब डोकावू लागले. काकांनी त्याची उसळ केली आणि आम्हालाही वाटीभर पाठवली. चांगली झाली होती. तेव्हापासून पिशवीत वाळू आहे.

वाऱ्याला आडोसा म्हणून छत्री. त्यामुळे देखावा असा की पाऊस नाही, ऊन नाही आणि कानटोपी घातलेला एक म्हातारा माणूस उघड्या छत्रीआड गोणपाटावर पालथा पडलेला. दुधाचा रतीब घालणारा नवीन माणूस पहिल्या दिवशी घाबरला, काकांना भोवळ आली म्हणून धावत जवळ गेला. काकांनी मान न वळवता त्याला सांगितलं, "श्वास धरा. थेंब पडेल." त्याने कॅनसकट धरला. फोटो मनासारखा आला की मात्र काका नाशिकचे राहत नाहीत, थेट सटाण्याचे होतात. "भारी शे," असं अहिराणीत स्वतःशीच म्हणतात आणि गुडघ्यांवर हात टेकत उठतात.

या सगळ्यात काकांचं एक दुखणं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. आपला एक फोटो कुणाच्या तरी घरात भिंतीवर लागलेला त्यांना बघायचा होता. ते म्हणायचे, "आयुष्यभर लोकांचे फोटो काढले, ताई. लोकांनी उजेडाकडे धरून पाहिले, डॉक्टरला दाखवले आणि गादीखाली सारले. भिंतीवर एकानं लावला नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की काका कुणाकडेही गेले की आधी चारी भिंतींवरून नजर फिरवतात आणि मग बसतात. त्यानंतर मला हसू आलं नाही.

दोष भिंतींचाही नव्हता. आमच्या वास्तुशांतीला काकांनी फ्रेम करून दिली ती माशी. दवाने न्हालेली, डोळ्यांच्या जाळीवर थेंबच थेंब, फोटो म्हणून लाजवाब. पण माशीच ती. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बसलेली माशी आपण हाकलतो, आणि ही मेली कायमची बसवून घ्यायची?" माशी पिठाच्या डब्यामागे गेली. कुलकर्ण्यांना सुरवंट मिळाला, शेखभाभींना कोळी. सगळ्यांनी कौतुक केलं आणि सगळ्यांनी आपापला पिठाचा डबा शोधला.

शोभाकाकू असताना हे चालून जायचं. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेहमी वापरातलं वाण लुटायच्या. चहाची गाळणी, सांडशी, तुपाची लोटी. आमच्याकडे अजून त्यांच्याच गाळणीतून चहा होतो, आणि काका आले की ती गाळणी बघतात हे मी पाहिलेलं आहे. काकू गेल्या त्याला आता तीन संक्रांती झाल्या.

यंदा मार्गशीर्षात काका एका सकाळी दारात आले. कानटोपी हातात, म्हणजे विषय गंभीर. बराच वेळ थंडीबद्दल बोलले. मग म्हणाले, "मीनलताई, तुमच्या हळदीकुंकवात माझंही वाण ठेवाल का? शोभाच्या नावानं म्हणा हवं तर."

सासूबाईंना विचारून सांगते, असं मी म्हणाले. आतून सासूबाईंनी ऐकलं होतंच. काका गेल्यावर त्या म्हणाल्या की आजवर बाप्या माणसाने वाण लुटलेलं त्यांनी तरी ऐकलेलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, बिचारा विचारायला आला हेच पुष्कळ झालं. आणि शेवटी अट घातली : किडा नको. मी अट काकांना कळवली. काका म्हणाले, फक्त दव.

मग काकांचा नवाच उद्योग सुरू झाला. पहाटे एकेका घरासमोर जाऊन ते त्या घरच्या तुळशीपुढे आडवे पडायचे. तुळस नसेल तिथे गवती चहा, शेखभाभींकडे पुदिना. घरातल्या बाईने रोपाच्या पाठीमागे दारात उभं राहायचं, अंगावर गडद रंगाची शाल घेऊन. का, तर मागे रंग लागतो म्हणे. यापलीकडे काका काही सांगत नसत. ओट्यावर दूध, डब्याची घाई, आणि आम्ही श्वास धरून दारात. कुलकर्णीवहिनी वैतागून म्हणाल्या, फोटो तुळशीचा आणि ताटकळायचं आम्ही. पण नाही कुणीच म्हणालं नाही. माझी शाल हिरवी होती, ती पानात मिसळते म्हणून काकांनी मला सासूबाईंची लाल घ्यायला लावली. सासूबाईंनाही वेगळं उभं केलं, त्यांच्या फोटोसाठी.

हळदीकुंकवाच्या दिवशी काकांनी दुपारीच खोकं आणून दिलं आणि लगेच घरी गेले. त्यांच्या खिडकीचा पडदा मात्र संध्याकाळभर थोडा सरकलेला होता. तिळगूळ झाला, ओट्या भरल्या, आणि मी प्रत्येकीच्या हातात तिचं नाव लिहिलेली एकेक फ्रेम ठेवली. वहीच्या पानाएवढी. मला धाकधूक होती, कारण ही त्यांची शेवटची संधी आहे असं मला वाटत होतं. आज पुन्हा सगळ्या "छान आहे हो" म्हणून निघाल्या असत्या तर काकांनी परत कुणाला विचारलंच नसतं.

सगळ्यांनी पाहिलं. तुळशीचं नाहीतर पुदिन्याचं पान, त्याच्या टोकाला लोंबणारा थेंब. छान आहे हो, असं कुणीतरी म्हणालंच. तेवढ्यात शेखभाभींनी चष्मा कपाळावर सरकवून फ्रेम नाकाशी नेली.

"इसमें मैं हूँ," त्या म्हणाल्या. मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत, "अगं, यात मी आहे, माझं घर आहे."

खरंच होतं. थेंबाच्या आत, तिळाएवढं, घर होतं. दार, दाराबाहेरचा दिवा, पायरी, आणि दारात शाल पांघरून उभी बाई. सगळं उलटं, खाली डोकं वर पाय, पण इतकं रेखीव की सासूबाईंना आपल्या शालीचा काठसुद्धा दिसला. प्रत्येकीच्या थेंबात ती स्वतः होती. खोलीत एकदम गलका झाला, सगळ्या एकमेकींचे थेंब बघायला लागल्या. या माणसाने ऐन थंडीत महिनाभर जमिनीला पोट लावून आम्हा सगळ्यांना एकेका थेंबात नीट बसवलं होतं, आणि आम्ही दुधाकडे बघत त्रासलो होतो.

दोन दिवसांनी काका फेरीला निघाले. निमित्त खोकं परत न्यायचं. आमच्याकडे आले, भिंतीवर नजर गेली, आणि तिथेच थांबली. फोटो लागला होता. फक्त सासूबाईंनी तो उलटा लावला होता. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, "मी जन्मभर सरळ चालले, आता भिंतीवर उलटी का लटकू?" त्यामुळे सासूबाई सरळ होत्या आणि थेंब पानाच्या टोकावरून आकाशाकडे लोंबत होता. कुलकर्ण्यांकडे तेच, शेखभाभींकडे तेच. अख्ख्या कॉलनीत दव वरच्या दिशेने पडत होतं. मला वाटलं, काका आता नक्की दुखावणार. ते हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"भारी शे," म्हणाले, आणि मग बसले.

त्यांना खोकं द्यायचं राहूनच गेलं म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. हॉलच्या भिंतीवर नवीन खिळा ठोकलेला दिसला, पण त्यावर काही नव्हतं. मी विचारलं, तुमच्या घराचा थेंब कुठाय? काका गॅसजवळ उभे होते, पाठमोरे.

"आमच्या तुळशीवर पण दव येतं," ते म्हणाले. "दारात कुणाला उभं करू? कॅमेऱ्यामागं मीच असतो."

मी घरी आले. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी लाल शाल काढून माझ्या उशाशी ठेवली.

सकाळी मी समोरच्या दारात जाऊन उभी राहिले. काकांनी गोणपाट अंथरलं, वाळूची पिशवी मांडली, पालथे झाले. मी श्वास धरला, सोडला, पुन्हा धरला. कॅमेऱ्याचा आवाज काही येईना. झालं का काका, असं मी शेवटी विचारलं.

"नाही," ते तुळशीमागून म्हणाले. "ताई, मधोमध नको. जरा उजवीकडं, चौकटीला टेकून. ती तशी उभी राहायची."

मी सरकले आणि चौकटीला टेकले. तिथे, बरोबर माझ्या खांद्यापाशी, लाकडाचा रंग घासून पार गेलेला होता.